पेपुझाचे संदेष्टे आणि ख्रिस्तसभेची पारख

रविवारच्या वृत्तपत्रात राशिभविष्याचा स्तंभ असतो. मिस्साहून परतल्यावर चहाचा पेला हातात घेऊन, ‘केवळ गंमत म्हणून’ त्या स्तंभावर नजर टाकणारे आपल्या कुटुंबांतही कमी नाहीत. जगाचा अंत अमुक दिवशी होणार, अमुक प्रार्थनेच्या इतक्या प्रती वाटल्या नाहीत तर घरावर संकट येणार, अशी पत्रके पूर्वी घरोघर फिरत असत. इ. स. २००० च्या उंबरठ्यावर तर जगभर अशा भाकितांना ऊत आला होता. ते वर्ष आले आणि गेले. पृथ्वी आपल्या कक्षेत फिरतच राहिली. आता पत्रकांची जागा भ्रमणध्वनीवरील संदेशांनी घेतली आहे, एवढाच काय तो फरक. अशा वेळी श्रद्धावंत माणसाच्या मनात एक प्रामाणिक प्रश्न उभा राहतो. पवित्र शास्त्रात संदेष्टे आहेत, त्यांची वाणी परमेश्वराची वाणी म्हणून आपण मिस्सामध्ये ऐकतो. मग आज कोणी ‘मला परमेश्वराने सांगितले आहे’ असे म्हणत पुढे आला, तर त्याचे काय करावे? त्याला नाकारणे म्हणजे पवित्र आत्म्याला नाकारणे तर नव्हे? आणि त्याला स्वीकारणे म्हणजे भोळेपणा तर नव्हे?

हा प्रश्न नवा नाही. ख्रिस्तसभेला तो अगदी बाल्यावस्थेत, दुसऱ्या शतकात, एका प्रचंड वादळाच्या रूपाने भेटला. त्या वादळाचा इतिहास जाणून घेणे आपल्यालाही उपकारक ठरेल, असे वाटते.

संदेष्टा म्हणजे कोण?

प्रथम शब्दाचा विचार करू. जुन्या मराठी भाषांतरांत ‘भविष्यवादी’ हा शब्द योजलेला आढळतो. पुढे ‘संदेष्टा’ हा शब्द रूढ झाला. दोन्ही शब्दांमागे दोन भिन्न कल्पना उभ्या आहेत. भविष्यवादी म्हणजे उद्या काय घडणार ते सांगणारा. संदेष्टा म्हणजे दुसऱ्याचा निरोप पोहोचविणारा. इब्री भाषेतील ‘नबी’ या शब्दाचा संबंध ‘हाक मारणे’ या अर्थाशी जोडला जातो, तर ग्रीक ‘प्रोफेटेस’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. तेव्हा ‘संदेष्टा’ हाच शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळचा आहे. भविष्यकथन हे संदेष्ट्याच्या कार्याचे एक अंग असू शकते, पण तो त्याचा प्राण नव्हे. आमोस बोलला तो गरिबाला जोड्याच्या किमतीत विकणाऱ्या धनिकांविषयी. यशया बोलला तो रक्ताने माखलेले हात प्रार्थनेसाठी उंचावणाऱ्यांविषयी. त्यांची दृष्टी उद्यावर होती ती आज सुधारावा म्हणून.

योनाची कथा या दृष्टीने फार बोलकी आहे. चाळीस दिवसांत निनवे नगरी उलथून पडेल, अशी घोषणा त्याने केली. नगरीने पश्चात्ताप केला आणि ती वाचली. ज्योतिषाच्या हिशेबाने पाहिले तर योनाचे भाकीत खोटे ठरले. संदेष्ट्याच्या हिशेबाने पाहिले तर इतके यशस्वी भाकीत दुसरे नाही! योना स्वतः मात्र रुसून बसला, कारण त्याला आपला शब्द खरा ठरायला हवा होता. परमेश्वराला माणसे जगायला हवी होती. भविष्यवादी आणि संदेष्टा यांतील अंतर या छोट्याशा ग्रंथाने जितक्या मिस्कीलपणे दाखविले आहे तितके क्वचितच कोणी दाखविले असेल.

तथापि खरा संदेष्टा आणि खोटा संदेष्टा समोरासमोर उभे राहिले, तर सामान्य माणसाने काय करावे? असा प्रसंग यरुशलेमच्या मंदिरात प्रत्यक्ष घडला. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेम जिंकून राजाला, कारागिरांना आणि मंदिरातील पात्रांना नेले होते. त्यानंतर तीन-चार वर्षांनी गिबोनचा हनन्या लोकांसमोर उभा राहिला आणि दोन वर्षांच्या आत सारे परत येईल, असे परमेश्वराच्या नावाने सांगू लागला. यिर्मया तेव्हा खांद्यावर लाकडी जू घेऊन फिरत होता. बाबेलचे दास्य अजून बराच काळ सोसावे लागेल, हा त्याचा संदेश होता. हनन्याने ते जू त्याच्या मानेवरून काढून मोडून टाकले. दोघेही एकाच परमेश्वराचे नाव घेत होते, दोघांचीही भाषा एकच होती. लोकांना कोण आवडला असेल, हे सांगायला नको. यिर्मयानेही प्रथम, तुझे म्हणणे खरे होवो, अशीच इच्छा व्यक्त केली. मात्र शांतीचे भाकीत करणाऱ्याची परीक्षा ते भाकीत खरे ठरण्यानेच होते, याचे त्याने स्मरण करून दिले आणि तो मुकाट्याने निघून गेला. पुढे परमेश्वराचा शब्द आला तेव्हाच तो परतला. हनन्या त्याच वर्षी मरण पावला, आणि इ. स. पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेम व मंदिर भस्मसात झाले. आपला शब्द आणि परमेश्वराचा शब्द यांत अंतर असू शकते, ही जाणीव यिर्मयाला होती. हनन्याला ती नव्हती.

आरंभीच्या ख्रिस्तसभेतील संदेष्टे

पेन्टेकॉस्टच्या दिवशी संत पेत्रांनी योएल संदेष्ट्याचे वचन पूर्ण झाल्याचे जाहीर केले: आत्म्याचा वर्षाव आता मूठभरांवर नव्हे तर पुत्रांवर आणि कन्यांवर, तरुणांवर आणि वृद्धांवर, दासांवर आणि दासींवर झाला आहे. त्यानंतरच्या पिढ्यांत संदेष्टे हे ख्रिस्ती मंडळ्यांचे नित्याचे दृश्य होते. प्रेषितांच्या कृत्यांत अगब भेटतो. त्याने येऊ घातलेल्या दुष्काळाची पूर्वसूचना दिली. आणि ती ऐकून अंत्युखियाच्या शिष्यांनी केले काय, तर यहूदियातील बांधवांसाठी वर्गणी गोळा केली. भाकिताचा असा उपयोग! कैसरियात फिलिप्प या सुवार्तिकाच्या चार अविवाहित कन्या संदेश देत असत. संत पौलांनी तर संदेशदानाला आत्म्याच्या दानांमध्ये फार वरचे स्थान दिले. मात्र त्याबरोबर त्यांनी अटीही घातल्या. दोघा-तिघांनी बोलावे, इतरांनी पारख करावी, संदेष्ट्याचा आत्मा संदेष्ट्याच्या ताब्यात असावा आणि सारे मंडळीच्या उभारणीसाठी असावे. थेस्सलनीकाकरांना त्यांनी दोन गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत: संदेशांना तुच्छ लेखू नये, आणि प्रत्येक गोष्ट पारखून जे चांगले तेवढे धरून ठेवावे. या दोन आज्ञांपैकी एक विसरली की काय होते, हेच पुढच्या इतिहासाने दाखविले.

इ. स. १८७३ मध्ये फिलोथिओस ब्रिएनिओस या ग्रीक धर्मपंडिताला कॉन्स्टँटिनोपल येथील एका जुन्या हस्तलिखितात ‘दिदाखे’ अर्थात ‘बारा प्रेषितांची शिकवण’ हा लहानसा ग्रंथ सापडला. १८८३ मध्ये त्याने तो प्रसिद्ध केला. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथात फिरत्या प्रेषितांविषयी व संदेष्ट्यांविषयी दिलेल्या सूचना वाचून आजही हसू येते आणि आदरही वाटतो. आलेला प्रेषित एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहील. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलला नाही तर तो खोटा. निघताना त्याला पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्यावी. त्याने पैसे मागितले तर तो खोटा. ‘आत्म्यात’ असताना त्याने मेजवानी मांडायला सांगितली आणि स्वतःच जेवायला बसला, तरी तो खोटा. सत्य शिकवितो पण तसे वागत नाही, तोही खोटा. येथे कोणतीही गूढ कसोटी नाही. गावातल्या शहाण्या गृहिणीने पाहुण्याला ओळखावे, तशी ही पारख आहे.

त्यानंतर काही दशकांनी रोममध्ये लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथाने आणखी एक खूण सांगितली. खोटा संदेष्टा लोकांना कोपऱ्यात गाठतो, त्यांच्या खाजगी प्रश्नांना त्यांना आवडतील अशी उत्तरे देतो, मोबदला घेतो, मानाची जागा शोधतो. आणि नीतिमान लोकांची सभा प्रार्थनेला जमली की मात्र रिकाम्या भांड्यासारखा मुका होतो. खरा संदेष्टा नम्र असतो आणि सभेच्या मध्यभागी, सर्वांच्या कानी पडेल असे बोलतो. एकोणीस शतकांपूर्वीचे हे वर्णन वाचताना आपल्या ओळखीचा एखादा चेहरा डोळ्यांसमोर आला तर नवल नाही!

फ्रिजियातील वादळ

आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात फ्रिजिया नावाचा डोंगराळ प्रदेश होता. तेथे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात (एका प्राचीन नोंदीप्रमाणे १५७ च्या सुमारास, तर दुसऱ्या नोंदीप्रमाणे १७२ च्या सुमारास) आर्दाबाउ नावाच्या खेड्यात मोंटानस नावाचा एक नवदीक्षित ख्रिस्ती माणूस भावावेशात जाऊन बोलू लागला. लवकरच प्रिस्किला आणि मॅक्सिमिला या दोन स्त्रिया त्याला येऊन मिळाल्या. आपल्या मुखातून साक्षात पवित्र आत्मा, प्रभूने वचन दिलेला कैवारी बोलत आहे, असा त्यांचा दावा होता. माणूस ही नुसती वीणा आहे. वाजविणारा देव आहे. माणूस झोपलेला असतो आणि देव जागा असतो, अशी मोंटानसची भूमिका होती. या चळवळीने स्वतःला ‘नवी भविष्यवाणी’ असे नाव घेतले. पेपुझा आणि टिमिऑन या दोन छोट्या गावांना मोंटानसने ‘यरुशलेम’ असे नाव दिले आणि चहूकडून लोकांना तेथे जमण्याचे आवाहन केले.

लोक जमले, यात आश्चर्य नाही. तो काळ भयाचा होता. १६५ नंतर रोमन साम्राज्यात भयंकर साथ पसरली होती. त्याच काही वर्षांआधी शेजारच्या स्मिर्ना नगरीत वृद्ध बिशप संत पॉलिकार्प यांना जिवंत जाळण्यात आले होते. प्रेषितांना पाहिलेली पिढी संपत आली होती. प्रभू लवकर येणार ही आरंभीची आतुरता ओसरू लागली होती. मंडळ्यांमध्ये व्यवस्था आली होती, पण पूर्वीची धग कमी झाली होती. अशा वेळी कोणी कडक उपवास सांगतो, पुनर्विवाह निषिद्ध ठरवितो, छळापासून पळू नका म्हणतो आणि प्रभूचे आगमन दाराशी आले आहे असे गर्जून सांगतो, तेव्हा सर्वांत आधी ओढली जातात ती श्रद्धेने पेटलेली माणसे, कोमट माणसे नव्हेत. मोंटानसच्या अनुयायांमध्ये ढोंगी असतील. पण प्रामाणिक माणसेही पुष्कळ होती. या इतिहासातील दुःख नेमके येथे आहे.

आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या चळवळीविषयी आपल्याला जे कळते ते बहुतांशी तिच्या विरोधकांकडून. चौथ्या शतकातील इतिहासकार, कैसरियाचा बिशप युसेबियस याने जुन्या लेखकांचे उतारे जपून ठेवले नसते, तर ही हकिगत आपल्यापर्यंत क्वचितच पोहोचली असती. त्यांतील एक अनामिक लेखक सांगतो की मोंटानस आणि मॅक्सिमिला यांनी गळफास घेतला अशी वदंता आहे; पण लगेच पुस्तीही जोडतो की आपण ते पाहिलेले नाही, तेव्हा ते खात्रीने सांगता येत नाही. प्रतिपक्षाविषयीदेखील ऐकीव गोष्ट खरी म्हणून सांगायची नाही, हा त्या अनामिकाचा धडा आपण विसरू नये.

ख्रिस्तसभेने काय केले?

त्या काळी ख्रिस्तसभेजवळ सत्ता नव्हती, तुरुंग नव्हते, सैन्य नव्हते. तिच्याजवळ होती फक्त एकत्र बसून विचार करण्याची सवय. तोच अनामिक लेखक सांगतो की आशिया प्रांतातील श्रद्धावंत या प्रश्नासाठी अनेकदा आणि अनेक ठिकाणी एकत्र जमले, त्यांनी नव्या वाणीची छाननी केली आणि ती नाकारली. प्रेषितांच्या काळानंतर नोंदल्या गेलेल्या धर्मसभांपैकी या बहुधा सर्वांत आरंभीच्या होत. पुढे ज्या परिषदांनी ख्रिस्तसभेचा विश्वास शब्दबद्ध केला, त्या परंपरेचे एक मूळ असे एका संदेष्ट्याच्या पारखीत रुजलेले आहे! कुमानाचा झोटिकस आणि अपामियाचा ज्युलियन हे दोन बिशप स्वतः मॅक्सिमिलाला भेटून तिच्यातील आत्म्याची परीक्षा करण्यास गेले होते. परंतु तिच्या पाठीराख्यांनी त्यांना तोंड उघडू दिले नाही. पारखीला नकार देणे, हीच त्या चळवळीविरुद्धची एक मोठी साक्ष ठरली.

छाननीत पुढे आलेले मुद्दे थोडक्यात असे होते. पहिला मुद्दा बोलण्याच्या रीतीचा. शुद्ध हरपून, स्वतःवरचा ताबा सोडून बोलणे ही पूर्वीच्या संदेष्ट्यांची रीत नव्हती. परमेश्वर माणसाला बोलावतो तो त्याची बुद्धी हिरावून नव्हे तर ती उजळवून, असे मत मांडले गेले. दुसरा मुद्दा जीवनाचा. अपोलोनियस नावाच्या लेखकाने सरळच विचारले की जो केसांना रंग लावतो, फासे खेळतो, व्याजाने पैसे देतो आणि भेटी गोळा करतो, तो संदेष्टा कसा? तिसरा मुद्दा फळांचा. आपल्यानंतर दुसरा संदेष्टा होणार नाही, त्यानंतर केवळ अंतच आहे, असे मॅक्सिमिलाने सांगितले होते. युद्धे आणि उलथापालथ यांचेही भाकीत केले होते. ती मरण पावून तेरा वर्षे उलटली तरी ना सार्वत्रिक युद्ध झाले ना अंत आला, याकडे अनामिक लेखकाने बोट दाखविले. चौथा आणि सर्वांत खोल मुद्दा हा की, ख्रिस्तामध्ये परमेश्वराने जे सांगायचे ते सारे सांगून टाकले आहे. त्याच्या पलीकडचे, त्याहून पूर्ण असे प्रकटीकरण फ्रिजियात उतरू शकत नाही. आत्मा येतो तो ख्रिस्ताची आठवण करून देण्यासाठी, त्याची जागा घेण्यासाठी नव्हे.

परंतु या वादात एक सुंदर प्रसंगही आहे. १७७ मध्ये गॉल देशातील लिऑन येथे भयंकर छळ झाला. तुरुंगात मृत्यूची वाट पाहत असलेल्या साक्षीदारांनी आशिया व फ्रिजियातील बांधवांना आणि रोमचे बिशप एल्युथेरियस यांना पत्रे लिहिली. विषय होता ख्रिस्तसभेतील शांती. स्वतः सिंहाच्या तोंडी जाणारी माणसे दूरच्या प्रदेशातील बांधवांमध्ये फूट पडू नये म्हणून पत्रे लिहितात! रोमला ते पत्र घेऊन गेलेले धर्मगुरू म्हणजे पुढे लिऑनचे बिशप झालेले संत आयरेनियस. त्याच आयरेनियस यांनी नंतर दुसऱ्या टोकाच्या माणसांनाही खडसावले. खोट्या संदेष्ट्यांच्या भीतीने संदेशदानाची कृपाच ख्रिस्तसभेतून हद्दपार करू पाहणारे, आणि त्यापायी कैवाऱ्याचे वचन सांगणारे संत योहानांचे शुभवर्तमानही नाकारणारे काही लोक निघाले होते. खोट्या नाण्याच्या भयाने खरी नाणीही फेकून देण्याचा हा प्रकार होता. ख्रिस्तसभेने तो मान्य केला नाही.

टर्टुलियनची शोकांतिका

या चळवळीने गिळलेला सर्वांत मोठा माणूस म्हणजे कार्थेजचा टर्टुलियन. लॅटिन भाषेत ख्रिस्ती विचाराला वळण देणारा हा प्रतिभावंत. ‘त्रैक्य’ या अर्थाचा लॅटिन शब्द ख्रिस्ती लेखनात प्रथम त्याच्याच लेखणीतून आलेला आढळतो. २०७ च्या सुमारास तो ‘नव्या भविष्यवाणी’कडे झुकला. त्याला खेचून घेतले ते शिस्तीने. ख्रिस्तसभा फार मवाळ झाली आहे, असे त्याला वाटे. कोणा बिशपांनी पश्चात्तापी व्यभिचाऱ्यांना क्षमा जाहीर केली, तेव्हा त्याने उपहासाने भरलेला ग्रंथच लिहिला. ख्रिस्तसभेला क्षमेचा अधिकार आहे, हे तो मान्य करतो. पण लोक पुन्हा पाप करतील म्हणून तो वापरू नये, असे नव्या वाणीच्या आधाराने बजावतो. खरी ख्रिस्तसभा आत्म्याची. बिशपांची संख्या म्हणजे ख्रिस्तसभा नव्हे, असे त्याचे म्हणणे.

येथे या साऱ्या वादाचा गाभा उघडा पडतो. प्रश्न केवळ एका भाकिताचा नव्हता. ख्रिस्तसभा म्हणजे निवडक निष्कलंकांचा मेळा, की पडणाऱ्या आणि उठणाऱ्या माणसांचे घर? मोंटानसच्या बाजूने निकाल लागला असता, तर आज प्रायश्चित्त संस्काराच्या रांगेत उभे राहणाऱ्या तुम्हां-आम्हांला त्या घरात जागा राहिली नसती. जी वाणी क्षमेचे दार बंद करते, ती कितीही तेजस्वी असो, येशूच्या आत्म्याची असू शकत नाही. हे सामान्य श्रद्धावंतांनी, धर्मपंडितांच्याही आधी, अंतःकरणाने ओळखले.

चारेकशे अठ्ठावीस साली, म्हणजे टर्टुलियननंतर दोन शतकांनी, संत ऑगस्टीन यांनी लिहून ठेवले आहे की कार्थेजमध्ये टर्टुलियनच्या नावाने उरलेले थोडे लोक ख्रिस्तसभेत परतले आणि त्यांचे मंदिरही तिच्या स्वाधीन झाले. पूर्वेकडील शेवट मात्र इतका सौम्य नव्हता. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने पाखंडी पंथांना बळाने ख्रिस्तसभेत आणण्याचा हुकूम काढला. तेव्हा फ्रिजियातील मोंटानसपंथी आपल्याच मंदिरांत कोंडून घेऊन जळून मेले, असे इतिहासकार प्रोकोपियस नोंदवितो. ५५० च्या सुमारास पेपुझा येथील त्यांचे मंदिर आणि मोंटानसच्या अस्थी जाळण्यात आल्या. दुसऱ्या शतकातील निःशस्त्र ख्रिस्तसभेने शब्दाने शब्दाची पारख केली. सहाव्या शतकात, सम्राटाचे शस्त्र हाती आल्यावर, पारखीची जागा आगीने घेतली. पहिल्याचा आपल्याला अभिमान वाटावा आणि दुसऱ्याची लाज. पेपुझा नाव नकाशावरूनही पुसले गेले. २००० साली जर्मन व अमेरिकन अभ्यासकांना तुर्कस्तानातील एका खोऱ्यात त्याचे अवशेष ओळखता आले.

नंतरची परंपरा

मोंटानस गेला म्हणून संदेष्टे संपले काय? मुळीच नाही. २०३ मध्ये त्याच कार्थेजमध्ये संत पर्पेतुआ या तरुण मातेने तुरुंगात पाहिलेली दृश्ये लिहून ठेवली; ख्रिस्तसभेने ती श्रद्धेने जपली आणि तिचे नाव मिस्साच्या प्रार्थनेत घातले. चौदाव्या शतकात संत कॅथरीन ऑफ सिएना या रंगाऱ्याच्या मुलीने अॅव्हिन्यो येथे राहणाऱ्या पोप अकरावे ग्रेगरी यांना रोमला परतण्याविषयी निर्भीडपणे बजावले; १३७७ च्या जानेवारीत पोप रोममध्ये दाखल झाले. बाराव्या शतकातील संत हिल्डेगार्ड यांनीही सम्राटांना आणि धर्माधिकाऱ्यांना कठोर पत्रे धाडली. कॅथरीन यांना १९७० मध्ये व हिल्डेगार्ड यांना २०१२ मध्ये ‘ख्रिस्तसभेच्या धर्मपंडित’ म्हणून गौरविण्यात आले. म्हणजे स्त्री बोलते म्हणून वाणी नाकारायची, हा ख्रिस्तसभेचा निकष नव्हता आणि नसावा.

फ्लॉरेन्सच्या साव्होनारोलाचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. या डोमिनिकन संन्याशाची सुधारणेची तळमळ खरी होती. इटलीवर देवाची तलवार येत आहे, असे तो सांगे. १४९४ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स सैन्यासह उतरला तेव्हा लोकांना त्याचा शब्द खरा ठरल्यासारखा वाटला. परंतु परमेश्वराच्या संदेशाला त्याने राजकीय आशेशी बांधून टाकले. २३ मे १४९८ रोजी त्याला फाशी देऊन जाळण्यात आले. संत फिलिप नेरी यांच्यासारख्या साधुपुरुषालाही पुढे त्याच्याविषयी आदर वाटला, यावरून निवाडा किती अवघड असतो ते ध्यानी यावे. १५१६ च्या डिसेंबरात पाचव्या लॅटरन परिषदेने नियम केला की ख्रिस्तविरोधकाच्या आगमनाची किंवा अंतिम न्यायाची ठरावीक वेळ प्रवचनकारांनी सांगू नये. कोणाला खरोखर साक्षात्कार झाला असे वाटले तर त्याची प्रथम तपासणी व्हावी. याच संदर्भात परिषदेने संत पौलांच्या त्या दोन्ही आज्ञांचे स्मरण ठेवले.

१९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने स्पष्ट केले की प्रभूच्या गौरवी पुनरागमनापूर्वी नवे सार्वजनिक प्रकटीकरण अपेक्षित नाही. खाजगी साक्षात्कार, ख्रिस्तसभेने मान्य केलेले असले तरी, श्रद्धेच्या ठेव्यात भर घालीत नाहीत. त्या त्या काळात ती श्रद्धा अधिक उत्कटपणे जगण्यास मदत करतात, असे १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. अशा घटनांच्या पारखीसाठी १९७८ मध्ये नियम ठरले आणि २०२४ च्या मे महिन्यात ते नव्याने प्रसिद्ध झाले. दिदाखेतील त्या शहाण्या गृहिणीचेच काम आज या नियमांद्वारे चालू आहे.

आपला वाटा

तेव्हा उद्या कोणी तुमच्या दाराशी संदेश घेऊन आला, तर घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. काही साधे प्रश्न विचारा. हा संदेश सर्वांसमक्ष सांगण्याजोगा आहे, की कोपऱ्यात कुजबुजण्याचा? सांगणारा त्यातून काय मिळवितो? तो पारखीला तयार आहे काय? हा संदेश मला ख्रिस्ताकडे, मिस्साबलीकडे, शेजाऱ्याकडे नेतो, की केवळ भयाकडे? आणि तो क्षमेचे दार उघडतो, की बंद करतो?

पण प्रश्न विचारून आपले काम संपत नाही. स्नानसंस्काराच्या वेळी बालकाच्या मस्तकावर पवित्र तेल लावताना ते बालक याजक, संदेष्टा आणि राजा अशा ख्रिस्ताच्या देहाचे अवयव होत असल्याचे धर्मगुरू जाहीर करतात. संपूर्ण ख्रिस्ती प्रजा ख्रिस्ताच्या संदेष्टेपणात सहभागी आहे, हे विश्वपरिषदेने १९६४ मध्ये पुन्हा ठासून सांगितले. म्हणजे संदेष्टा कोठे आहे हे शोधण्यासाठी डोंगराच्या खोऱ्यातील पेपुझाला जाण्याचे कारण नाही. एल साल्व्हादोरचे आर्चबिशप संत ऑस्कर रोमेरो यांनी गरिबांवरील अन्यायाविरुद्ध आवाज उठविला आणि १९८० मध्ये मिस्सा अर्पण करीत असताना त्यांना गोळी घालण्यात आली. त्यांनी उद्याचे भाकीत केले नाही. आजचे सत्य सांगितले. आपल्या घरात, कचेरीत, धर्मग्रामाच्या सभेत जेथे खरे बोलणे महाग पडते, तेथे तो तेलाचा अभिषेक आपल्याला काही आठवण करून देतो काय?

अगबाने दुष्काळ येणार असे सांगितले तेव्हा अंत्युखियाच्या मंडळीने आकाशाकडे पाहत दिवस मोजले नाहीत. त्यांनी प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे वर्गणी काढली आणि ती यहूदियातील भुकेल्या बांधवांकडे पाठवून दिली. संदेश खरा होता की नाही हे जगाला दुष्काळ पडल्यावर कळले. त्या मंडळीची श्रद्धा खरी होती हे मात्र त्याआधीच सिद्ध झाले होते.